पहिलटकरणींची रांग

५ जून

आजारी पडतं म्हणून मूल वाळतं, की वाळतं म्हणून आजारी पडतं? आज आरोग्य केंद्रात गंबोआजीनं चाळीस बायकांसमोर मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

तिच्या पाठीला तिची नात डेलू बांधलेली होती. वीस महिन्यांची. मागच्या महिन्यात तिला आईच्या अंगावरून तोडलं, रिवाजाप्रमाणे आजीच्या खोलीत निजायला दिलं, आणि आठवड्यात जुलाब सुरू झाले. मी दंडाला पट्टी लावली. एकशे एकवीस मिलिमीटर. पिवळा रंग. एकशे पंधराच्या खाली गेली असती तर लाल.

"पोट भरत नाही आजी, म्हणून अंगात ताकद नाही आणि रोग धरतो," मी म्हटलं.

"पोट भरत होतं की. जुलाबानं खाणं सुटलं."

"जुलाब घाण पाण्यानं होतात."

"पाणी सगळ्या घराचं एकच. माझ्या धाकट्याचा मुलगा तेच पितो. त्याला काही झालं नाही."

"तो दणकट आहे."

"म्हणजे ही आधी वाळली."

"नाही, जुलाबानं वाळली."

"पोरी, मघापासून तू विहिरीभोवती फिरतेयस. दोर कधी सोडणार?"

बायका हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. चार वर्षं राजधानीत, निआमेला राहून आहारशास्त्राची पदवी घेतली, आमच्या घरात अजून वडील अंगठा उठवतात, आणि पहिल्याच महिन्यात एका म्हातारीनं मला गप्प केलं. तिला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं दिली, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या दिल्या. जुलाब होत असले तरी खायला घालत राहा, म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. ती बाहेर गेल्यावर मी पाहिलं: कट्ट्यावर बसून ती एक पाकीट धाकट्याच्या मुलाला भरवत होती.

७ जून

शनिवार. बाजारच्या गाडीनं आत्या आली आणि वाटेत पाच मिनिटं उतरून कुली-कुलीचं गाठोडं देऊन गेली. इन्ना, म्हणजे माझी आई, घरी शेंगदाण्याचं तेल काढते आणि उरलेल्या पेंडीच्या या कांड्या तळते. तिखट, आल्याच्या. मला अशाच आवडतात.

"इन्नानं पाठवल्या?"

"ती कशाला पाठवेल? उरल्या होत्या, म्हटलं घेऊन जावं."

दर आठवड्याला एवढ्या कशा उरतात कोण जाणे. मागच्या पावसात तर आमच्याकडे शेंगदाणा झालाच नव्हता.

मी इन्नाचं पहिलं मूल. तिनं आजवर माझं नाव घेतलेलं नाही. पहिल्या मुलाला चारचौघांत कडेवर घ्यायचं नाही, नाव घ्यायचं नाही, दुखलं-खुपलं विचारायचं नाही. ज्या बाईला अब्रू आहे ती असंच करते. मी आजीकडे वाढले. धाकट्या भावांना इन्ना मांडीवर घेऊन बसायची आणि मी दारातून पाहायची. पदवीदानाला ती आली होती, आत्याच्या मागे बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा मी वळून पाहिलं, तर डोक्यावरचं वस्त्र तोंडावर ओढून ती बसलेली. मला वाटतं, प्रवासानं झोप लागली असावी.

मला तिचा राग नाही. मला या लाजेचा राग आहे.

१२ जून

नुहू साहेबांशी भांडले. ते केंद्राचे मुख्य परिचारक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला: मूल आईनेच आणावे. दुसऱ्या कोणाच्याही हाती पाकिटे दिली जाणार नाहीत.

"पहिलटकरणींचं काय?" त्यांनी विचारलं.

"येतील. सांगितलेलं आईच्या कानावर पडलं नाही तर उपयोग काय? आज्या पाकिटं सगळ्या घराला वाटतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"वाटतात. पण आणतात."

"साहेब, कधीतरी सुरुवात व्हायलाच हवी."

"ती सुरुवात त्या पोरांच्या अंगावरून जाईल, बरीरा."

"तुम्ही पुरुष आहात. तुम्हाला ही लाज सोयीची आहे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. मी लगेच बाहेर जाऊन, रांग बसते त्या कडुलिंबाच्या खोडाला कागद ठोकला. बरं वाटलं. पहिल्यांदाच काहीतरी मोडल्यासारखं.

१९ जून

गंबोआजी आली. डेलूला आता ताप.

"आई कुठंय?" मी विचारलं.

"सलामतू? घरी बाजरी कांडतेय."

"तिला पाठवा."

"ती कशी येईल? तिचं पहिलं आहे हे. लाजेनं मरेल ती."

"लाजेनं कुणी मरत नाही, आजी."

"बरं. तुला शहरात हे पण शिकवलं का?" तिनं पाठीवरची गाठ घट्ट केली. "पट्टी तरी लावून बघ."

मी लावली नाही. लावली असती तर पाकीट द्यावं लागलं असतं आणि नियम पहिल्याच आठवड्यात मोडला असता. अशा तीन आज्या आज परत गेल्या. वहीत 'परत पाठवले' असा रकाना नाही, म्हणून तिघांपुढे 'गैरहजर' लिहिलं.

आईला थोडं ताणलं की ती येईल. आली पाहिजे. मुलापुढे लाज किती टिकते ते मला बघायचंच आहे.

३ जुलै

खराब दंडाची मुलं पाच जूनला सतरा होती. आज नऊ. रांगेत नुसत्या आया, लक्ष देऊन ऐकणाऱ्या. मी दोनदा मोजलं. आनंदानं पेन हातातून सुटलं.

नुहू साहेबांना आकडा दाखवला. म्हणाले, "पावसाळ्यात? कणग्या रिकाम्या असताना?" आणि जखमा बांधायला निघून गेले. काही माणसांना चांगली बातमी सोसत नाही.

१० जुलै

जिल्ह्याहून पत्र आलं. सगळ्या केंद्रांत आमचा आकडा कमी. या नियमाबद्दल टिपण लिहून पाठवा, इतरांना उपयोग होईल. पत्रात माझं नाव आहे. मी ते तीन वेळा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. शनिवारी आत्याच्या हाती घरी पाठवीन. इन्ना-वडिलांना वाचता येत नाही, पण नाव कुठं आहे ते बोटानं दाखवता येईल.

१७ जुलै

टिपण लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही.

वहीत एक रकाना आहे, 'कितवे अपत्य'. कोणी त्याकडे बघत नाही. नियमाआधी आणि नियमानंतर किती पहिली मुलं आली ते दाखवावं, म्हणजे टिपण भक्कम होईल, असं मला वाटलं. म्हणून बोट फिरवत गेले. तीन. दोन. पाच. चार. दोन. सहा. पान उलटलं. तीन, तीन, सात. पाच आठवड्यांची सगळी पानं दोनदा वाचली. 'एक' कुठेच नव्हता.

मुलं सुधारली नव्हती. माझ्या वहीतून गेली होती.

नुहू साहेबांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, तेव्हा का नाही अडवलंत? म्हणाले, "अडवलं होतं. मग सही केली. तू शिकलेली आहेस, मला वाटलं माझंच चुकत असेल."

हे ऐकायला शिव्यांपेक्षा कठीण होतं.

१८ जुलै

सकाळी आधी तो कागद खोडावरून उपटला. मग 'गैरहजर'ची यादी घेऊन घरोघर गेले.

चौथं घर हुरेचं. तिच्या सासूला मी सव्वीस जूनला परत पाठवलं होतं. अंगणात हुरे पालेभाजी निवडत होती. सासू म्हणाली, "आता कशाला आलीस? ताप आला, मग खोकला आला, मग छाती वाजायला लागली. जाऊन सात दिवस झाले." हुरेनं मान वर केली नाही. पहिल्या मुलासाठी रडायचंही नसतं. ती पानं निवडत राहिली. चांगलीही टाकत होती, किडलेलीही टाकत होती.

त्या मुलाच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'गैरहजर' आहे.

त्यानंतर डेलू. एकशे सात. लाल. अंग भट्टीसारखं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासलं, हिवताप. पाकीट फोडून लगदा ओठाला लावला, तिनं जीभसुद्धा हलवली नाही. भूक असेल तर मूल घरी सुधारतं. भूकच मेली तर दवाखान्यात न्यावं लागतं.

"जुलाबांनी भूक नेली," गंबोआजी म्हणाली. आज ती टोमणे मारत नव्हती. "भूक गेली तशी अंगावरची चरबी गेली. मग ताप आला, त्याला घर मोकळंच सापडलं."

सलामतू दहा पावलांवर आमच्याकडे पाठ करून बाजरी कांडत होती. अठरा वर्षांची असेल. मी तिला हाक मारली, सलामतू, ही मरेल, चल माझ्याबरोबर. मुसळ चालूच. डेलू कण्हली, की मुसळ थांबायचं. ती गप्प झाली, की पुन्हा सुरू. मला इतका संताप आला की त्याच मुसळानं उखळ फोडावंसं वाटलं.

आम्ही डेलूला घेऊन दवाखान्याला निघालो तेव्हा सलामतूनं स्वतःच्या अंगावरचं मऊ वस्त्र सोडून सासूच्या गाठोड्यात कोंबलं. "सासूबाईंना थंडी वाजेल," म्हणाली. जुलैत कसली थंडी.

१९ जुलै

जिल्ह्याच्या गावी कुपोषित मुलांची खोली. काल तिथे काय झालं ते लिहून ठेवते, कारण आज आत्या म्हणते ते नाकार.

कारकून: "आई कुठंय?"

"मी आजी," गंबोआजी म्हणाली.

"आजीला चटई नाही. दर तीन तासांनी दूध पाजायचंय, आईच हवी. नियम आहे."

माझंच वाक्य. माझ्याच आवाजात ऐकल्यासारखं वाटलं.

"मी आई," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लग्न कुठल्या गावात?"

"तुमच्या रकान्यात ते विचारलेलं नाही."

त्यानं 'आईचे नाव' यापुढे शाईनं बरीरा लिहिलं. गंबोआजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, तोंडावर हात घेऊन. "आता तुझा नवरा शोधायला हवा, पोरी, नाहीतर हिचा बाप घाबरेल."

आत्या म्हणते, तोंडातून गोष्ट गेली की गावभर होते, तुला पुढे कोण करून घेईल? मी म्हटलं, जो रकाने वाचत नाही तो.

२२ जुलै

डेलूला सुई, रक्त, दर तीन तासांनी कपभर पातळ दूध. काल दोनदा ओकली. आज एकदाच.

दुपारी इन्ना आली. तेल विकायला गावात आले होते, म्हणाली. हातात कुनुचा डबा होता, बाजरीची पातळ पेज, शेंगदाणा वाटून घातलेली. बरोबर तेलाचा डबा नव्हता. माझ्याकडे न बघता ती चटईवर बसली आणि डेलूला मांडीवर घेतलं.

"ही माझी कुणी नाही," ती नर्सला म्हणाली. "हिला भरवायला मला कसली लाज?"

नर्सनं दोन चमच्यांची परवानगी दिली. इन्ना चमचा ओठाला टेकवून थांबे, घाई नाही, जीभ स्वतः बाहेर येईपर्यंत. आणि डेलूशी बोलत होती.

"खा गं. तू खात नाहीस म्हणून तुझी ही खोटी आई उपाशी राहते. बघ, खांद्याची हाडं दिसतात तिची. तिला सांग, गाठोड्यात कांड्या आहेत. दुसऱ्यांना वाटत बसू नकोस म्हणावं."

गंबोआजी म्हणाली, "तुम्हाला हात आहे भरवायचा."

"आमच्या गल्लीत हबी होती. आमची दोघींची पहिली एकदमच. तिच्या पोराला मी भरवायची, अंगावरसुद्धा घ्यायची. माझी तिच्याकडे. भिंत एवढीशी होती, पलीकडचं दिसायचं." तिनं डेलूचं तोंड पुसलं. "पलीकडचीला गोवर आला तेव्हा हबी सात दिवस निजली नाही. मी तिच्या पोराला मांडीवर घेऊन भिंतीशी बसून होते. परक्याच्या पोरासाठी बसायला कोण हरकत घेतं?"

गोवर मला झाला होता. हबीमावशी लहानपणी मला सांभाळायची एवढंच मला माहीत होतं. इन्नाला पुढं काही विचारणार होते, पण ती डब्याचं झाकण शोधत बसली. झाकण तिच्या मांडीवरच होतं.

जाताना दारात थांबली. भिंतीला म्हणाली, "शाबास."

२६ जुलै

डेलूला घरी सोडलं. एकशे नऊ, पण आता पाकीट स्वतः धरते आणि हिसकावलं तर ओरडते. हे ओरडणं मी टिपून ठेवते आहे.

संध्याकाळी सलामतू आणि तिची शेजारीण तसल्ला यांना विहिरीवर गाठलं. तसल्लाचंही पहिलंच, बावा नावाचा मुलगा. त्यांना हबीमावशीची गोष्ट सांगितली. कुणाची ते सांगितलं नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसू दाबायला लागल्या.

"हे तू शिकून आलीस?" तसल्ला म्हणाली. "हे तर आम्ही घरात करतोच. तुझ्या झाडाखाली चालतं हे कुणी सांगितलं नव्हतं."

३१ जुलै

आज रांगेत अकरा पहिली मुलं. प्रत्येक मूल दुसऱ्याच आईच्या पाठीवर.

सलामतूनं बावाला आणलं होतं, तसल्लानं डेलूला. मी जे सांगायचं ते मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांसाठी: ताप असो, जुलाब असोत, खाणं बंद करायचं नाही, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आजार गेल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. पाकीट औषध आहे, ज्याचं त्यालाच. सलामतूनं माझ्याकडे न बघता तसल्लाला विचारलं, "ते तुझ्या पाठीवरचं कोण आहे, त्यानं काल किती खाल्लं गं?"

"दीड पाकीट. आणि माझं कानातलं."

"कानातलं पचेल. तुझा हा मात्र माझ्या पाठीवर मुतला."

"त्याला माणसं ओळखता येतात."

गंबोआजी कट्ट्यावरून म्हणाली, "आम्ही म्हाताऱ्या आता काय करायचं?" मी तिला दंडपट्टी दिली. रंग तिला कळतात. आता पट्टी ती लावते आणि कुणी गर्दी केली तर चापट मारते.

वहीत 'आईचे नाव' हा छापील मथळा खोडून मी 'भरवणारीचे नाव' लिहिलं. शाईनं.

खराब दंडाची मुलं आज वीस. अकरांपैकी सात लाल.

७ ऑगस्ट

नुहू साहेबांनी दार लावून घेतलं. जिल्ह्याला महिन्याचा अहवाल हवा. नऊवरून वीस, म्हणजे ते माणूस पाठवणार.

"पावसावर ढकल," ते म्हणाले. "पाऊस तक्रार करत नाही. सप्टेंबरात तुझा करार वाढायचाय. हा मथळा का खोडला, ते 'गैरहजर' काय होतं, हे तू लिहिलंस तर तुला घरी पाठवतील. तुझ्यामागं दोन भाऊ शाळेत आहेत."

"आणि तो नियम? तो चांगला म्हणून चार केंद्रांत पाठवणार आहेत. तिथंही पहिली मुलं आहेत, साहेब."

"दुसऱ्या कुणीतरी सांगावं."

"कुणी?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मी घाबरले आहे. हे इथं तरी लिहिते. मला ही नोकरी हवी आहे. पत्र अजून उशीखालीच आहे, आत्याला द्यायचं राहिलं, आणि बरं झालं राहिलं. दोन दिवस सारखं वाटतंय की पावसाचं एक वाक्य लिहिलं तर खोटंही होणार नाही. कणग्या खरंच रिकाम्या आहेत, हिवताप खरंच आहे. फक्त ते कारण नाही. कारण मी आहे.

९ ऑगस्ट

डेलू एकशे चौदा. एका मिलिमीटरनं अजून लाल. काल नाक वाहत होतं, उद्या छातीत उतरेल आणि चार मिलिमीटर परत जातील, मग पुन्हा भरवायचं. आधी काय येतं ते मला आजही सांगता येत नाही. जे समोर दिसेल त्याला धरायचं आणि सोडायचं नाही, एवढं ठरवलंय.

आज सकाळी अहवाल लिहिला. बत्तीस 'गैरहजर' खोडून बत्तीस वेळा 'मी परत पाठवले' लिहिलं. हुरेच्या मुलाचं नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात: ताप, खोकला, उपासमार आणि केंद्राचा नियम; नियम माझा होता; तो कुठेही लावू नये. दवाखान्यात डेलूच्या आईच्या जागी माझं नाव आहे, तेही मुद्दाम दिलेलं, हेही लिहिलं. खाली पूर्ण सही केली.

नुहू साहेब आठ वाजता आले, हात पुढे केला. "दे, पाठवण्याआधी मी एकदा वाचतो."

मी म्हटलं, "बाजारची गाडी साडेसातला गेली, साहेब."